हिस्सेदारांखेरीज कोणीही

ज्या बसला प्रवाशांपेक्षा मालक जास्त, ती चालवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आली, आणि तीही मी हौसेनं मागून घेतली.

आमची वस्ती टेकडीवर, शहर खाली, आणि मधला रस्ता सगळा वळणांचा. बसकंपनीनं एक दिवस कळवलं की या मार्गावर तोटा होतो, सबब गाडी बंद. आम्ही अर्ज केले, खेटे घातले, कचेरीतल्या बाईंसमोर रडूनही झालं. बाईंनी प्यायला पाणी दिलं, बस काही दिली नाही. तेव्हा गुरुजी म्हणाले, "आपणच बस घेऊ." गुरुजी शाळेत भाषा शिकवायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण दुसऱ्यांच्या चुका काढायच्या कामातून ते अजून निवृत्त झालेले नाहीत. त्यांनी सगळी योजना फोड करून सांगितली. एकेका घरानं एकेक हिस्सा घ्यायचा, जमलेल्या पैशांत जुनी गाडी आणायची, आणि जो हिस्सेदार तो मालक.

ओढ्याअलीकडच्या घरांनी हिस्से घेतले. पलीकडच्यांनी नाही घेतले. कोणाकडे पैसे नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांना भरवसा नव्हता. माझा दीर पलीकडे राहतो. तो भर सभेत म्हणाला, "सगळ्यांनी मिळून म्हैस घ्यायची म्हणजे धार काढायला सगळे पुढे आणि चारा घालायला कोणी नाही." लोक हसले, पण मनातून चिडले. माझा दीर खरं बोलतो आणि नेमकं नको तेव्हा बोलतो.

आमच्या घरात तेव्हा सासूबाईंचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. हिस्सा घ्यायचा तर भांडी विकावी लागली असती. पण मी अनेक वर्षं शाळेची व्हॅन चालवलेली. उभी राहिले आणि म्हटलं, "बस मी चालवीन. पगार निम्मा द्या. उरलेला निम्मा हाच माझा हिस्सा समजा." काय टाळ्या पडल्या! माझ्यासाठी एवढ्या टाळ्या आयुष्यात वाजल्या नव्हत्या. त्या ऐकण्याच्या नादात, कोणी खरंच तसं समजतंय का, हे बघायचं राहून गेलं.

बस आली. निळी, जरा पोचे आलेली, पण इंजिन गुणी. मी तिच्या प्रेमातच पडले म्हणा ना. रोज सकाळी काच पुसताना तिच्याशी बोलायचे. आमचे हे म्हणायचे, "माझ्याशी इतकं गोड कधी बोलली नाहीस." मी म्हणायचे, "तुम्ही पहिल्या किल्लीत उठता का?"

बस चांगलीच होती. नाकी नऊ आणले ते मालकांनी. औषधवाल्यांचं दुकान खाली शहरात, त्यामुळे त्यांचं रोजचं जाणं-येणं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरून पडदा आणून आपल्या आवडीच्या खिडकीला लावला. त्या एकाच खिडकीला. मग मागच्या बाकावरच्या बाई काय गप्प बसतात? त्यांनी आपल्या बाकाला फुलाफुलांची खोळ शिवली आणि त्यावर दुसरं कोणी बसलं की त्याच्याकडे असं बघायच्या की तो आपणहून उठायचा. आत्या पुढच्या सीटवर बसायच्या. या आत्या नात्यानं कोणाच्याच नाहीत, पण वस्तीभरच्या आत्या. प्रत्येक वळणावर त्या मला म्हणायच्या, "हळू गं बाई, माझे पैसे आहेत यात." एकदा अर्ध्या उतारावर त्यांना शंका आली की गॅस चालूच राहिला. गाडी वळवायला लावली.

"आत्या, अहो एवढी माणसं खोळंबतील."

"खोळंबू देत. गाडी माझी, गॅस माझा."

गॅस बंदच होता. पण स्वतःच्या गाडीतून जाऊन बघण्यात जे समाधान असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर होतं.

थांबे ठरवलेले होते, पण ते पाळायचे कोणी? मालकाच्या दारात मालकाची गाडी थांबणार नाही तर काय परक्याची थांबणार! कोणी अर्धी दाढी झालेल्या तोंडानं खिडकीतून हात करायचा, "आलोच!" कोणी बुटाची नाडी सावकाश बांधत यायचा. मी हॉर्न वाजवला तर, "हॉर्न झिजतो, जपून." तिकिटाचं नाव काढलं की सगळ्यांचं एकच उत्तर. स्वतःच्या घरात शिरताना कोणी तिकीट काढतं का? आणि एकदा टायर बसला तेव्हा मात्र एकजात सगळ्यांनी अंग झटकलं. पडदेवाले, खोळवाल्या, सगळे झाडाखाली सावलीत उभे राहून "ड्रायव्हरबाई बघतील" म्हणाले. ड्रायव्हरबाईंनी बघितलं. दिवसभर हातांना ग्रीसचा वास येत होता.

तिकीट काढायचे फक्त ओढ्यापलीकडचे. ते बिचारे थांब्यावर वेळेत उभे राहायचे, सुटे पैसे काढून ठेवायचे आणि मिळेल त्या कोपऱ्यात बसायचे. त्यांच्या पैशांतून डिझेल यायचं. हे मला माहीत होतं, कारण पंपावर मीच जायचे. बाकी मालकांपैकी कोणाला गाडी कशावर चालते हा प्रश्न पडल्याचं मला आठवत नाही.

त्या पलीकडच्यांत माझी धाकटी जाऊ होती.

आमचं दोघींचं फार गूळपीठ होतं असं मी म्हणणार नाही. ती मितभाषी आणि मी ही अशी. पण दिराच्या पाठीचं दुखणं वाढलं, त्याचं गवंडीकाम सुटलं, आणि हिनं कोणाकडे तक्रार न करता खालच्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात नोकरी धरली. चादरी उकळायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. अजून कायम केलेलं नव्हतं. आमच्या मालकांच्या दाढ्या आणि नाड्यांपायी तिला आधीच उशीर झालेला होता, एकदा नाही, दोनदा. तिच्या सुपरवायझर बाईंनी निक्षून सांगितलं होतं की यापुढे उशीर झाला तर गेटातून आत येऊच नकोस. हे तिनं मला सांगितलं तेही असं, जसं काही उद्या भाजी कुठली करायची ते सांगतेय. घरात मिळवणारी ती एकटी. मी त्या दिवसापासून दारोदार थांबणं कमी केलं आणि त्याबद्दल रोज बोलणी खाल्ली.

मग ती गोष्ट घडली. एका सकाळी जाऊ बसायला गेली ती नेमकी पडद्याच्या खिडकीशी. तिला काय माहीत? औषधवाले चढले, पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शहर येईपर्यंत उभे राहिले. ती उठली होती हं, दोनदा उठली. पण त्यांनी बसायचं नाकारलं. त्यांना जागा नको होती, अपमान हवा होता, आणि तो त्यांना पोटभर मिळाला.

"मालक उभा आणि पाहुणे बसलेले!" त्यांनी संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर सभाच बोलावली. "काहीतरी नियम पाहिजे."

मी गाडी धुऊन पोचेपर्यंत नियम करायचा हे ठरूनही गेलं होतं. आता वाद चालला होता शब्दांवर. गुरुजींनी आधी लिहिलं होतं, 'या बसमध्ये फक्त हिस्सेदारांनी बसावे.'

"बसमध्ये बसावे हे कानाला खटकतं," गुरुजी स्वतःच म्हणाले.

"कानाचं जाऊ द्या," औषधवाले म्हणाले. "बसावे लिहिलंत तर ते उभ्यानं येतील."

हा मुद्दा सगळ्यांना फार पटला. मग 'बसावे'चं 'चढावे' झालं. मग कोणीतरी म्हणालं, 'चढावे' ही विनंती झाली, मनाई पाहिजे. मग 'चढू नये' झालं. पुढे 'हिस्सेदार' की 'हिश्शेदार' यावर चहाची एक फेरी गेली. शेवटी गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं, "हिस्सेदारांखेरीज या बसमध्ये कोणीही चढू नये."

"'कोणीही'च्या खाली रेघ मारा," औषधवाले म्हणाले.

गुरुजींनी रेघ मारली. पट्टी लावून मारली.

मी मागे उभी होते. एवढा वेळ जावेचं काय होणार हेच डोक्यात घोळत होतं. मग एकदम दुसरंच काही मनात आलं आणि मी विचारलं, "गुरुजी, मी हिस्सेदार आहे का?"

गुरुजी खोटं बोलत नाहीत. ते विचारात पडले, वर बघितलं, खाली बघितलं. "तसं पाहिलं तर, बाई... हिस्सा घेतलेला असा नाही. पगारी आहात तुम्ही."

"निम्म्या पगारी," मी म्हटलं.

"हो, ते खरंच," असं दोघं-तिघं म्हणाले आणि पाटीला कुठला रंग द्यायचा त्याकडे वळले.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. इतके महिने मी जिला पुसत होते, गोंजारत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'ही आमची बस' म्हणून सांगत होते, ती माझी कोणी नव्हतीच. राग नंतर आला. घरी जाऊन भाकरी करताना आला, आणि आमच्या ह्यांना त्या करपलेल्या खाव्या लागल्या.

सकाळी पाटी दाराशेजारी तारेनं बांधलेली होती, पांढऱ्यावर लाल. अक्षर सुरेख. मालक एकेक करून चढले. वाचून समाधानानं मान हलवत चढले. मी पुढची काच पुसत होते. तेवढ्यात जाऊ आली. पलीकडचे बाकीचे लोक बातमी कळून घरीच थांबले होते, पण हिला थांबून चालणार नव्हतं. ती दारापाशी आली, पाटी वाचली, आणि मागे सरली. पदराशी चाळा करत उतरणीच्या रस्त्याकडे बघायला लागली. चालत जायचं म्हटलं तर धुलाईघरातल्या सगळ्या चादरी वाळून झाल्या असत्या तोवर.

"चला, ड्रायव्हरबाई," आतून औषधवाले म्हणाले. "आज वेळेत निघू. आज गर्दी नाही."

मी फडकं पिळलं, वाळत टाकलं, आणि रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले.

"अहो, चढा ना!"

"कशी चढू?" मी म्हटलं. "वाचता येतं मला."

 मग खिडक्यांतून डोकी बाहेर आली, वळली, पाटी उलटीकडून वाचायला लागली.

"तुम्हाला धरून नाही ते," औषधवाले म्हणाले.

"'कोणीही' लिहिलंय. खाली रेघ पण आहे."

आत्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "काय झालं? गॅस राहिला का कोणाचा?"

जाऊ माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, माझ्यापायी तुमचं काम घालवू नका."

"तुझ्यापायी नाही, माझ्यापायी बसलेय," मी म्हटलं. ते खरंही होतं, निदान निम्मं. उरलेलं निम्मं तिला कळलं असावं, कारण ती गेली नाही. माझ्या शेजारी दगडावर टेकली. तिचा पाय सारखा हलत होता. प्रत्येक क्षणाला तिची नोकरी एकेक पायरी खाली उतरत होती आणि मी हट्टाला पेटून बसले होते. मला वाटलं उठावं, करावं तोंड बंद, चालवावी गाडी. पण चालवली असती तरी ती खालीच राहणार होती. म्हणून नाही उठले.

औषधवाले म्हणाले, "हरकत नाही. गाडी काय, मीही चालवीन. माझं स्कूटरचं लायसन्स आहे." ते माझ्या जागेवर जाऊन बसले. आधी वायपर सुरू झाले. मग हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. मग गाडीनं एकदा मागे हिसका दिला तशी खोळवाल्या बाईंची किंकाळी आली, "उतरा! मला नातवंडं बघायचीत!" औषधवाले उतरले. वायपर चालूच होते.

मग बसमध्येच सभा भरली. बहुतेक मालक एका ठिकाणी होते, वेळही होता. थोड्या वेळानं गुरुजी दारात आले. "बाई, सर्वानुमते ठरलं. चालकाचा अपवाद करतो. पाटीवर खाली तशी टीप लिहितो."

"टिपेत मला नाही राहायचं, गुरुजी."

"मग तुम्हाला एक हिस्सा देऊ. निम्म्या पगाराचा हिशोब धरून. ते आधीच करायला हवं होतं, चुकलंच आमचं."

तो हिस्सा मला इतका हवा होता म्हणून सांगू!  पण जाऊ शेजारी पाय हलवत बसलेली, आणि मी एकटीनं टुणकन उडी मारून चढायचं? माझा स्वभाव वाईट आहे, पण इतका नाही.

"गुरुजी, टाकीत काय आहे?"

"डिझेल."

"कोणी भरलं?"

गुरुजींनी वळून आतल्या मालकांकडे बघितलं.

"तुमच्यापैकी कोणी तिकीट काढत नाही. काढतात ते पलीकडचे. ही, हिच्या शेजारचे, त्यांच्या शेजारचे. त्यांना आज तुम्ही खाली ठेवलंत. उद्या ही टाकी रिकामी होईल, मग तुम्ही सगळे मालक मिळून ढकला. मी हिस्सेदार असले तर मी पण ढकलीन."

आत कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. औषधवाले म्हणाले, "गाडी तिकिटांवर चालायची?" त्यांचा आवाज खरोखर आश्चर्याचा होता. मला वाटतं, गाडी आपल्या मालकीवरच चालते अशी त्यांची मनापासून समजूत होती.

गुरुजी खाली उतरले. पाटीसमोर उभे राहून त्यांनी ती परत वाचली, ओठ हलवत, वही तपासावी तशी.

"व्याकरणात कुठे चूक नाही," ते म्हणाले. "वाक्यच चुकलंय." आणि ते तार सोडायला लागले. तार त्यांनी आदल्या दिवशी इतकी घट्ट पिळली होती की सुटेना. औषधवाले वरून थोडा वेळ बघत राहिले. मग खाली आले, खिशातून कातर काढली, तीच औषधांच्या पट्ट्या कापायची, आणि तार तोडली. माझ्या जावेकडे न बघता ते म्हणाले, "बसा खिडकीशी. पडद्याकडे. मला वाऱ्याचा त्रासच होतो."

आम्ही दोघी चढलो. पैसे काढायला तिनं हात पिशवीत घातला, तर तिच्या आधी आत्यांनी बटवा उघडला. "मला पण तिकीट दे गं. सगळे कशाचे पैसे देतायत?"

त्या दिवशी मी जशी गाडी चालवली तशी परत चालवली नाही आणि चालवूही नये. कोणी "हळू" म्हटलं नाही. एका दारात अर्ध्या दाढीचा हात बाहेर आला तर आमच्याच खिडक्यांतून पाच-सहा जण ओरडले, "उद्या या!" मागच्या बाकावरून खोळवाल्या बाई वळणा-वळणाला सांगत होत्या, "मोकळा आहे रस्ता, घाला!" जाऊ पडद्याची कड मुठीत धरून बसली होती.

तरी उशीर झालाच. व्हायचाच होता. धुलाईघराचं गेट बंद, आणि गेटाच्या आत सुपरवायझर बाई हाताची घडी घालून उभ्या. जाऊ उतरली. मी आरशातून बघत होते. बाईंनी काही विचारलंही नाही, नुसती मान हलवली. नाही. जाऊही काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही, आणि तिथेही नाही बोलली. वळून चालायला लागली.

 गाडी बंद करून मी उतरले, आणि मागे वळून बघते तो सगळी बस उतरत होती. औषधवाले, गुरुजी, खोळवाल्या बाई, आत्यांना धरून दोघं जण. सगळे गेटाला जाऊन भिडले, आणि ते बघून जाऊही मागे फिरली.

"हिचा दोष नाही," गुरुजी म्हणाले. "आमच्या बसमुळे उशीर झाला."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण रोजच कोणामुळे तरी होतो. जबाबदार कोण त्या बसला? मालक कोण? मला त्याच्याशी बोलायचंय."

हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं, हा आपल्याकडचा सरळ अर्थ. त्या गेटासमोर तो पार उलटा झाला. आधी औषधवाल्यांनी हात वर केला. "मी. आजचा उशीर माझ्यामुळे." मग गुरुजींनी. "मी. पाटी मी लिहिली." मग खोळवाल्या बाई, मग पाठीमागचे सगळे, "मी", "मी पण", "मी तर दोन दिवस उशीर केलाय." आत्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळ्यांचे हात वर बघून त्यांनीही केला, आणि तो सगळ्यांत ताठ होता. टायर बसला तेव्हा झाडाखाली उभी राहिलेली हीच ती माणसं. त्या दिवशी ग्रीसनं माखलेला माझा हातही मी वर केला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू?

सुपरवायझर बाईंनी ते हातांचं रान बघितलं. मग माझ्या जावेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा चमत्कारिक झाला.

"तू कशाला वर केलास गं? तुझी आहे का बस?"

जावेनं आपल्या हाताकडे बघितलं. तिचं तिलाच कळलं नसावं तो कधी वर गेला ते. मग तिनं आमच्या सगळ्यांकडे बघितलं, गुरुजींकडे जरा जास्त वेळ, जणू ते आता दुरुस्त करतील. गुरुजी गेटाच्या गजाकडे बघत राहिले.

"हो," ती म्हणाली. "माझी पण आहे."

बाईंनी कडी काढली. "चल आत. आणि तुम्ही सगळे ती गाडी आधी हलवा, माझी ॲम्ब्युलन्स अडलीय मागे."